बेलाखालच्या जबान्या

मु. पो. पिंपरखोरी, ता. खानापूर, जि. सांगली
मकरसंक्रांत, १४ जानेवारी १९७४

चि. पीरमहंमद यास त्र्यंबकशास्त्री उमराणी याचे अनेक आशीर्वाद.

आज तिळगूळ पाठवावयाचा दिवस, आणि मी तुला कडू पत्र लिहीत आहे. त्याबद्दल क्षमा मागणार नाही. कडूपणा माझ्या पदरचा नाही.

गेल्या चैत्रात दुष्काळी कामावर, आमच्या पाझर तलावासाठी मुरूम काढताना कडा कोसळून सात बायका गाडल्या गेल्या, हे तू ऐकलेच असशील. ज्येष्ठात साताऱ्याच्या वरिष्ठ कचेरीतून चौकशी अधिकारी आले, शाळेत तीन दिवस बसले, जबान्या घेऊन परत गेले. त्या वेळी मी मिरजेच्या दवाखान्यात डोळ्यांवर पट्टी बांधून पडलो होतो, म्हणून प्रत्यक्ष काही पाहिले नाही. पुढे ग्रामपंचायतीकडे निष्कर्ष तेवढा आला: "टोळीप्रमुख मयत बनुबाई हिने कोणाचीही आज्ञा नसता कड्याच्या पोटात खणावयास लावले, सबब अपघात घडला."

मेलेल्या सातजणींत ही बनुबाई एक. आता तलावाच्या सांडव्यावर फरशी बसली आहे, तिच्यावर सहाच नावे आहेत. त्या सहा घरांनी बनुबाईच्या घराशी जाणे-येणे तोडले आहे. तिचा नवरा नाथाजी पलटणीतून हवालदार होऊन परतलेला माणूस. तो माझ्या ओसरीवर बसून म्हणाला, "गुरुजी, चिखलात बैल घालायचा तर आदी सोता उतरून बघणारी बाई ती. ती दुसऱ्याच्या लेकीबाळींना कड्याखाली घालंल व्हय? त्या कागदात कोण काय बोललंय, तेवढं मला बघायचं हाय. मेलेल्या माणसाला उलट बोलता येत न्हाई."

त्याच्यासाठी मी नकलेचे तीन अर्ज लिहिले. पहिला परत आला, कारण नमुना चुकला. दुसरा परत आला, कारण "अर्जदाराचा प्रकरणाशी संबंध स्पष्ट होत नाही". ज्याची बायको त्या ढिगाऱ्यातून खाटेवर घालून आणली, त्याचा संबंध स्पष्ट होत नाही. तिसऱ्यावर उत्तर आले की कागद गोपनीय आहेत.

निर्णय चव्हाट्यावर आणि साक्षी कुलपात, हा कोणता न्याय? आमचे धर्मशास्त्र सांगते की साक्ष सभेत द्यावी, दिवसाउजेडी द्यावी, आणि ज्याच्याविरुद्ध द्यावयाची त्याच्या ऐकत द्यावी. अंधारात दिलेल्या साक्षीला शास्त्रकार चहाडी म्हणतात.

तू त्याच कचेरीच्या दप्तरखान्यात आहेस. ते कागद पाहा आणि नक्कल कशी मिळेल ते कळव. विट्याच्या शाळेत तुला पाच वर्षे शिकवले, त्याची ही पहिलीच दक्षिणा मागतो आहे.

तुझा,
त्र्यंबकशास्त्री


सदर बझार, सातारा
२ फेब्रुवारी १९७४

परमपूज्य गुरुजींच्या चरणी पीरमहंमद तांबोळी याचे कृतानेक सलाम.

आपले पत्र पोचले. आपले डोळे आता ठीक आहेत हे अक्षरावरून कळले, समाधान वाटले.

आपण लिहिलेल्या प्रकरणी माझा इलाज नाही. चौकशीचे कागद एकदा गोपनीय ठरले की ते वरिष्ठांच्या लेखी हुकमाशिवाय बस्त्यातून निघत नाहीत. हवालदारांचे दुःख मी समजू शकतो. परंतु त्या कागदांत त्यांना समाधान वाटेल असे काही असेलच असे नाही. कित्येकदा न वाचलेलेच बरे असते.

माझी कळकळीची विनंती आहे की आपण या वयात हा विषय सोडावा. आपल्यासारख्यांच्या नावाला कचेरीच्या पायऱ्यांची धूळ लागू नये, एवढेच मला वाटते.

अकिलाचा आपणांस सलाम. मुले बरी आहेत.

आपला आज्ञाधारक,
पीरमहंमद


पिंपरखोरी
९ फेब्रुवारी १९७४

पीरमहंमद यास,

आशीर्वाद लिहिलेला नाही, हे ध्यानात आले असेल.

"न वाचलेलेच बरे" हे वाक्य तू मला लिहितोस? संस्कृतच्या वर्गात तुला बसवले तेव्हा गावातील चार प्रतिष्ठित माझ्या घरावर चालून आले होते. तांबोळ्याचे पोर देवभाषा शिकणार काय, असे ते विचारीत होते. मी दारात उभे राहून सांगितले की विद्येला दार असते, कुलूप नसते. ते वाक्य तू आत पाटीवर बोट ठेवून ऐकत होतास. आज त्याच हातात किल्ल्यांचा जुडगा आला आणि तू मला कुलपाचे माहात्म्य सांगतोस.

माझ्या नावाला धूळ लागेल म्हणतोस. बनुबाईच्या नावावर सहा मृत्यूंचा ढीग घातला आहे, तो तुला दिसत नाही. भ्यालास असे स्पष्ट लिहिले असतेस तर मी दुःखाने गप्प बसलो असतो. भीतीला उत्तर असते. परंतु भीतीला गुरुभक्तीचे उपरणे पांघरून माझ्यासमोर उभी करणे, हे मी तुला शिकवले नव्हते. वरिष्ठांपैकी कोणाला वाचवीत आहेस ते तुझे तुला ठाऊक.

यापुढे मला गुरुजी म्हणून पत्र लिहू नये. नाथाजी स्वतः साताऱ्यास येत आहे. त्याच्याशी तरी खरे बोल.

त्र्यंबक उमराणी


सातारा
२५ मार्च १९७४

गुरुजी,

आपण मना केले आहे, तरी दुसरा शब्द मला येत नाही.

हवालदार नाथाजी चार दिवस कचेरीच्या पायऱ्यांवर बसले होते. छातीवर पदके लावून, पाठ ताठ ठेवून. कोणाशी भांडले नाहीत. येणाऱ्या प्रत्येक साहेबाला उभे राहून सलाम करीत आणि पुन्हा बसत. तिसऱ्या दिवशी मी बस्ता सोडला. जेवणाच्या सुटीत, दोन दिवसांत, सात पाने उतरवली. तीच त्यांच्या हाती देत आहे. हा गुन्हा आहे, हे मला ठाऊक आहे.

मूळ पानेही माझ्याच हातची आहेत. चौकशीत जबान्या लिहून घेणारा लेखनिक मीच होतो. पिंपरखोरीच्या शाळेत तीन दिवस मी बसलो होतो आणि आपल्याला कळू दिले नाही. कारण खालीलप्रमाणे.

"साक्षीदार क्रमांक तीन, रंगूबाई केरबा, वय अदमासे पस्तीस.
प्रश्न: कड्याच्या पोटात खणावयास कोणी सांगितले?
उत्तर: बेल उचललाय. सांगता येत न्हाई.
प्रश्न: बेल कोणासमोर उचलला?
उत्तर: गुरुजींच्या म्होरं, म्हादेवाच्या देवळात.
प्रश्न: कशाची शपथ घेतली?
उत्तर: कुणी कुणाकडं बोट दावायचं न्हाई."

एकोणीस बायकांनी हेच उत्तर दिले. एकीने रडत दिले, एकीने रागाने दिले, पण उत्तर हेच. फक्त मुकादम सयाजीने बेल उचललेला नव्हता, आणि तो बोलला: "बनुबाईनं सांगितलं. मी तितं न्हवतोच." साहेबांनी शेवटी शेरा लिहवला: "गावच्या एका वृद्ध धर्मपंडितांनी साक्षीदारांस शपथबद्ध केल्याने सत्य बाहेर येण्याचा मार्ग बंद आहे. सबब उपलब्ध एकमेव जबानीवर निष्कर्ष काढणे भाग आहे."

साहेबांनी मला विचारले होते, "तुम्ही याच भागातले. हे गुरुजी कोण?" मी म्हणालो, "ठाऊक नाही."

मी कोणा वरिष्ठाला वाचवीत नव्हतो.

पीरमहंमद


पिंपरखोरी
२ एप्रिल १९७४

चि. पीरमहंमद यास आशीर्वाद. मागील पत्रात रोखून धरलेलाही यातच धरावा.

नाथाजी आला. पुडके माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "एस्टीतच वाचलं म्या. आता तुमी वाचा." वहाणा घातल्या आणि गेला. पाण्याचा तांब्या ठेवला होता, त्याला हात लावला नाही.

मी सात पाने वाचली आणि संध्येला बसण्याऐवजी हे पत्र लिहावयास घेतले.

झाले ते असे. बायकांच्या तेराव्या दिवशी सरपंच नानासो माझ्याकडे आला. मुकादम सयाजी त्याचा धाकटा भाऊ. म्हणाला, "गुरुजी, घराघरांतनं कुऱ्हाडी परजायला लागल्यात. ह्यो त्याला म्हनतोय, त्यो ह्याला. तुमी समद्यांचा बेल उचलून घ्या. तुमचा शब्द मोडायची ह्या पंचक्रोशीत कुणाची छाती न्हाई." त्या शेवटच्या वाक्याने मी फसलो. पन्नास वर्षे पुराण सांगताना आत्मस्तुतीच्या विषाबद्दल मी जे जे बोललो, ते सारे त्या क्षणी विसरलो. सूड थांबावा हा माझा हेतू होता. सुडाबरोबर सत्यालाही मी दाव्याने बांधतो आहे, हे ध्यानात आले नाही. पिंडीवरचा बेल आणि भंडारा प्रत्येकीच्या ओंजळीत मी स्वहस्ते घातला. सयाजी दिसत नव्हता. नानासो म्हणाला, "तासगावला गेलाय, द्राक्षांच्या गाडीसंगं." मी पुढे काही विचारले नाही.

बेलामुळे बायका चौकशीत काही बोलल्या नाहीत, हे पुढे गावाने मला कधी सांगितले नाही, कारण गावाला वाटले की हे गुरुजींना ठाऊकच आहे.

माझ्यावरचा माझा राग मी तुला लिहीत बसत नाही. तो माझा आणि शंकराचा व्यवहार आहे. त्या अधिकाऱ्यावरचा राग मात्र कमी होत नाही. साक्षीदार शपथेने बांधलेले आहेत हे त्यास ठाऊक होते. मग "सत्य समजले नाही" असे लिहून थांबावयास त्याचे काय जात होते? एकोणीस जणींच्या मौनापेक्षा एका मोकाट जिभेला त्याने अधिक मोल दिले, आणि वर गोपनीयतेची लाख लावली. ते पान उघडे असते तर नाथाजीने गेल्या वर्षीच माझी मानगूट धरली असती आणि तेथेच निकाल लागला असता.

आणि तुझ्यावरचाही राग गेलेला नाही. तू माझी लाज झाकलीस, पण त्यासाठी पांघरूण ओढलेस ते एका मेलेल्या बाईच्या अंगावरचे. गुरूवर असले प्रेम पुन्हा करू नकोस.

आता एवढेच कळव: मिटलेल्या चौकशीच्या बस्त्यात नव्या जबान्या घालता येतात काय?

त्र्यंबकशास्त्री


सातारा
१० एप्रिल १९७४

पूज्य गुरुजींना कृतानेक सलाम.

थोडक्यात लिहितो, घाई आहे. चौकशी पुन्हा सुरू करणे साहेबांच्या मर्जीवर. परंतु रजिस्टर टपालाने, प्रकरणाचा क्रमांक घालून आलेला कागद आवक नोंदवहीत चढवावाच लागतो, आणि एकदा चढला की तो फाडण्याचा अधिकार कोणालाही नाही. क्रमांक मागील पानावर दिला आहे. प्रत्येक जबानीवर अंगठा घ्यावा, तारीख घालावी, दोन पंच घ्यावेत. खाडाखोड नको.

पण गुरुजी, त्या बोलतील काय? बेल तर आपणच दिलेला आहे.

पीरमहंमद


पिंपरखोरी
१४ मे १९७४

चि. पीरमहंमद यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नावर मी महिनाभर ग्रंथ चाळले. शपथ घेणाऱ्याने ती मोडली तर काय प्रायश्चित्त, हे पुष्कळ ठिकाणी आहे. शपथ देणाराच चुकला असेल तर काय, याविषयी मला स्वच्छ वचन सापडले नाही. तेव्हा जे सुचले ते केले.

काल सोमवारी एकोणीसही जणींना देवळात बोलावले. चौदा आल्या. मी सभामंडपात उपरणे पसरले आणि म्हटले, "बायांनो, तुम्हाला दिलेला बेल मी परत मागतो आहे. शपथ मोडण्याचे जे पाप असेल ते या उपरण्यात टाका. ते माझे."

नानासो खांबाला टेकून उभा होता. "गुरुजी, बेल फिरवला तर गावाला कीड लागंल."

मी म्हटले, "लागायची ती लागली आहे, नानासो. आता ती कुठे बसली आहे तेवढे पाहू."

तो हसला. "म्हातारपणी बुद्धी फिरती म्हनत्यात ते खोटं न्हाई."

कोणी हलेना. मग रंगूबाई उठली. तिने पिंडीवरचे एक पान उचलून उपरण्यावर टाकले आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "आवं गुरुजी, पाप तुमी घेताय ते बरं हाय. पर तवा आमाला इचारलं असतं, तर तवाच सांगितलं असतं. तुमी काय झालं म्हनून इचारलंच न्हाई. नुसता बेल हातात दिला."

इतक्या वर्षांत मला कोणी इतके नेमके बोलले नव्हते. मी मान खाली घातली आणि लेखणी उचलली. तिने सांगितले ते जसेच्या तसे लिहिले आहे, माझी शुद्ध भाषा त्यात मिसळलेली नाही:

"सयाजी म्हनला, उद्या साहेब बघायला येनार, मुरमाचा ढीग दिसला पायजे. वरनं खनत बसू नका, पोटात कुदळी घाला, कडा आपसूक येतुया. बनुबाई म्हनली, कडा भेगाळलाय, न्हाई घालायच्या. त्यो म्हनला, मग उद्यापास्नं तुमच्या टोळीला कामावर घ्येनार न्हाई. दुष्काळाचं साल, घरी पोरं उपाशी. तवा ती म्हनली, मग आदी मी जाते, तुमी मागं ऱ्हावा. आमी मागं ऱ्हायलो न्हाई. ती एकटी कशी जाईल?"

तेराजणींनी तेच सांगितले. त्यांपैकी दोघी त्या सहा घरांतल्या आहेत. सून आणि जाऊ गाडली गेली ती कशी, हे सांगताना त्यांनी आजवर पाळलेले मौन माझ्या एका शब्दासाठी होते, या विचाराने लेखणी दोनदा थांबली.

नाथाजी देवळाच्या पायरीखाली उभा राहून ऐकत होता. आत आला नाही.

पंच म्हणून बिराप्पा धनगर आणि शाळेचे हेडमास्तर यांनी सह्या केल्या. चौदाही जबान्या, एक नक्कल माझ्याजवळ ठेवून, आजच रजिस्टरने पाठवल्या आहेत. पंधरावी माझी स्वतःची आहे. तीत बेल कोणाच्या सांगण्यावरून दिला तेही लिहिले आहे.

त्र्यंबकशास्त्री


सातारा
८ जुलै १९७४

पूज्य गुरुजींना कृतानेक सलाम.

आपले टपाल पोचले. आवक नोंदवहीत मी स्वतः चढवले. साहेबांनी वरच्या पानावर दोन शब्दांचा शेरा लिहिला: "दप्तरी दाखल." म्हणजे चौकशी पुन्हा होणार नाही, निष्कर्ष बदलणार नाही, आणि कोणाला काही कळवावयाचे नाही.

तरीही दाखल म्हटले म्हणजे दाखल करणे आलेच. सुई-दोरा घेऊन मी त्या जबान्या साहेबांच्या शेऱ्याला लागूनच बस्त्यात शिवल्या, पृष्ठांक घातले. यापुढे जो कोणी तो निष्कर्ष वाचील त्याला पान उलटताच रंगूबाई भेटेल. पण वाचणार कोण, हा प्रश्न आहेच. बस्ता पुन्हा गोपनीय कपाटात गेला.

मी पाने उतरवल्याचा संशय आल्याने माझा खुलासा मागितला होता. मी खरे लिहून दिले. बदलीचा हुकूम झाला आहे, पगारवाढ रोखली आहे. अकिला दोन दिवस घरखर्चाचा हिशेब मांडीत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "त्या साहेबांनी पुन्हा विचारलं की गुरुजी कोण, तर आता तरी ओळख सांगा."

हे दार बंद झाले, गुरुजी. दुसरे मला ठाऊक नाही.

पीरमहंमद


पिंपरखोरी
१३ ऑगस्ट १९७४

चि. पीरमहंमद यास, तसेच सौ. अकिला हिस अनेक आशीर्वाद. तिने सांगितलेले वाक्य मी माझ्या पोथीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.

"दप्तरी दाखल" हे शब्द वाचून माझा जो संताप झाला तो चार दिवस अन्नावर काढला. पाचव्या दिवशी विचार केला की दाखल करण्याचा अधिकार फक्त कचेरीला आहे, असे कोणी सांगितले?

श्रावणी सोमवारी मी देवळात पुराण सांगतो, हे तुला ठाऊक आहे. यंदा पोथीचे बासन उघडलेच नाही. पहिल्या सोमवारी व्यासपीठावर बसून तू उतरवलेली सात पाने वाचली. सुरुवात माझा उल्लेख असलेल्या पानाने केली. वीस-पंचवीस माणसे होती. पुराणाच्या मध्येच उठून जाणे अशुभ मानतात, त्यामुळे ज्यांना उठावयाचे होते त्यांनाही बसावे लागले. नानासो त्यांतच होता.

दुसऱ्या सोमवारी रंगूबाईची जबानी वाचली. शेजारच्या दोन गावांतून माणसे आली. नानासोने निरोप धाडला, "सरकारी गोपनीय कागद वाचताय, बेडी पडंल." मी उलट निरोप दिला की मला ऐकू कमी येते, स्वतः येऊन सांगावे. तिसऱ्या सोमवारी सयाजीची जबानी आणि उरलेल्या बायकांच्या जबान्या एकापुढे एक वाचल्या. भाष्य काही केले नाही. सयाजी आता गावात दिसत नाही. या वेळी तो खरोखरच तासगावला आहे असे कळते.

नाथाजी तीनही वेळा नंदीपाशी उभा होता. काल चौथ्या सोमवारी त्या सहा घरांपैकी एका घरची म्हातारी भर सभेत खेकसली, "आरं नाथा, खांबासारखा हुबा काय? मागच्यांना दिसत न्हाई. बस की हितं." तो बसला. तिच्या शेजारी बसला. माझ्याशी तो अद्याप बोलत नाही, आणि त्याने बोलावे असे मी म्हणणार नाही.

आणि काल पोलीस आला. तरुण मनुष्य, पायरीवर बूट काढून आत आला, हातात वही. मी रंगूबाईची जबानी पुन्हा वाचत होतो, वाचन थांबवले नाही. त्याने थोडा वेळ भराभर लिहिले, मग घाम पुसून म्हणाला, "गुरुजी, जरा सावकाश. काय वाचता ते शब्दन् शब्द लिहून आणा असा वरचा हुकूम हाय. माझं 'कडा भेगाळलाय' पाशीच ऱ्हायलंय."

मी मागे गेलो. त्याची लेखणी पुरी होईपर्यंत प्रत्येक वाक्य दोनदा वाचले. कोणी किती वेळा काय म्हटले, कोणते शब्द बनुबाईचे आणि कोणते सयाजीचे, सारे समजावून सांगितले. शेवटी वही तपासून दिली; दोन ठिकाणी त्याने सयाजीचे नाव गाळले होते, ते घालावयास लावले. मग त्याने खाली सही केली.

तो अहवाल आज विट्यास जाईल, तेथून वर. कोणत्या कचेरीत जाऊन पडतो, त्यावर कोणता क्रमांक चढतो, ते तू नव्या जागेवरून चौकशी करून मला कळव. त्याच्या नकलेचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. नमुना या वेळी बरोबर आहे.

त्र्यंबकशास्त्री